कॉम्प्युटरच्या वतीने जावई

सासूबाईंचं हे मी भेटेल त्याला कौतुकाने सांगते, तुम्हालाही सांगते. त्यांचं माहेर कळवणचं, आणि बुद्धिबळ त्या तिथे वडिलांकडून शिकल्या. परवा आमचे जावई ओझरहून आले ते लॅपटॉप घेऊनच. म्हणाले, "आजी, आज कॉम्प्युटरशी खेळा. तुमच्यासाठी सोपी पातळी लावतो."

पट मांडला. कॉम्प्युटर पडद्यावर चाल दाखवायचा आणि त्याची सोंगटी जावई हलवायचे. सासूबाईंनी त्याचा वजीर मारला, तसा जावयांचाच चेहरा उतरला. थोड्या वेळाने ते म्हणाले, "आजी, डाव बरोबरीत सोडू या का?"

मी मागून खुणावत होते, हो म्हणा. आमच्याकडे जावयाचा शब्द कोणी मोडत नाही.

सासूबाईंनी चष्मा सारखा केला. "जावईबापू, हे तुम्ही इचारताय का ते यंत्र?"

"त्याला विचारता येत नाही, म्हणून मी विचारतोय."

"मग तुम्ही अजून शिरा घ्या. तुम्हाला मी कशालाच नाय म्हणणार नाय," असं म्हणून त्यांनी हत्ती पुढे सरकवला. "पण त्याला काय आपण पोरगी दिली नाय. ही घ्या मात."