पाटीवरची मधली जागा

परीक्षेचं मले नका सांगू, बाप्पा. आसगावले मी बायांचा प्रौढ शिक्षणाचा वर्ग घेत होतो, तवाचं आयका. बाया किती शिकल्या हे तपासाले नागपूरवरून एक संशोधक साहेब आले. साऱ्या नापास झाल्या असत्या त वर्गच बंद होनार होता.

साहेब म्हनाले, "पाटीवर पूर्ण नाव लिहा."

साऱ्याईनं आपलं नाव लिवलं, आडनाव लिवलं, अन् मधात जागा सोडली.

"नवऱ्याचं नाव का नाही लिहिलं?"

सरस्वताबाई लाजली. "घरवाल्याचं नाव आमी घेत नाही, सायेब."

"घेऊ नका, नुसतं लिहा!"

"लिवलं का अन् घेतलं का, एकच."

तेवढ्यात बायाईनं आपसात पाट्या बदलल्या. हिच्या नवऱ्याचं नाव तिनं लिवलं, तिच्या नवऱ्याचं हिनं. एक अक्षर चुकलं नाही!

"अहो, ही तर कॉपी झाली!"

"कायची कापी, सायेब?" सरस्वताबाई म्हने. "नवरा माहा, मेहनत तिची."

साहेबानं मले हळूच इचारलं, "गुरुजी, पास लिहू की नापास?"

मी पाट्या त्याईच्या पुढं सरकवल्या.

शेवटी त्याईनं अहवालात लिवलं, "येथील महिलांना स्वतःचे पूर्ण नाव लिहिता येत नाही. शेजारणीचे येते."