आधी आईला

किरिवाई : आत्या, घाल ना स्वागताची साद! पाऊस लागलाय. सरकारी माणसं फाटकाबाहेर भिजतायत.

रिपेका : भिजू देत. मिठाची आहेत का?

किरिवाई : तुझी साद आल्याशिवाय अंगणात पाऊल टाकायचं नाही, एवढी रीत त्यांनाही ठाऊक आहे. म्हणून तर उभे आहेत बिचारे.

रिपेका : बिचारे! तो काळ्या छत्रीवाला म्हातारा ओळखलास? हॅलम. तुझी आजी नदीकाठच्या जमिनीसाठी जिनिव्हाला, जागतिक परिषदेत दाद मागायला गेली, तेव्हा तिथं आपल्या सरकारचा माणूस हाच होता. दिवसभर दाराबाहेर बसवलं तिला. म्हणाला, "बोलावल्याशिवाय आत यायचं नाही."

किरिवाई : मग?

रिपेका : मग काय? बोलावलंच नाही. घरी आली आणि त्याच हिवाळ्यात गेली.

किरिवाई : तीच जमीन परत द्यायला आलाय ना तो आज! आपली थडगी आहेत तिथं.

रिपेका : आपली माणसं बोटीनं लंडनला राणीकडे गेली, दारातून परत. जिनिव्हाला गेली, दारातून परत. आदिवासींचे हक्क मानायचे का, असं जगाला विचारलं, तर नाही म्हणणारे देश चार. त्यात आपला!

किरिवाई : तीन वर्षांनी हो म्हणाले की.

रिपेका : उपकार झाले!

किरिवाई : मग मीच घालते साद.

रिपेका : मी जिवंत असताना? घाल बघू.

किरिवाई : ...चुकलं, आत्या. पण तो वैतागून निघून गेला तर? आजीची जमीन पुन्हा त्यांच्याच घशात.

रिपेका : कॅमेरे घेऊन आलाय. जातोय कुठं?

किरिवाई : बाकीचे गाडीत जाऊन बसले बघ. तो एकटाच उभा आहे. छत्रीसुद्धा मिटलीय त्यानं.

रिपेका : ...मिटली?

किरिवाई : हो. ओळखलं असेल त्यानं तुला. तोंडवळा आजीचाच आहे तुझा.

रिपेका : बरं. ती पानांची माळ दे डोक्यावर घालायला.

किरिवाई : सुटले बाई! भट्टीतल्या रताळ्यांचा गाळ व्हायची वेळ आली होती.

रिपेका : होऊ दे गाळ. आधी मेलेल्यांना बोलवायचं असतं, विसरलीस? आधी आईला हाक मारते. ती आत येऊन नीट बसली, की मग त्याला.

किरिवाई : आणि आजीला यायला किती वेळ लागेल?

रिपेका : म्हातारी बाई, जिनिव्हाच्या त्या दाराबाहेरून यायचंय तिला. लागेल वेळ.