घरकुलासाठी उसनी आई

आधी चहा संपवा, नाहीतर ठसका लागेल. अंबडला आमच्या पत्र्याच्या खोल्या पाडून घरकुलं देणार होते तेव्हाची गोष्ट. नियम असा होता की घरात म्हातारं माणूस असेल तर एक बेडरूम जास्त. आमचे सगळ्यांचे आईबाप गावाकडे. अख्ख्या ओळीत म्हातारी एकच, शेवटच्या खोलीत एकटी राहणारी सखूआजी. पाहणीच्या दिवशी मी तिलाच आई म्हणून घरात आणून बसवली.

साहेब आले आणि आजीकडे बघतच राहिले. "आजी, आत्ता शेजारच्या शांतारामकडे तुम्हीच होतात ना?"

मी गार! शांतारामशी तर माझं नळावरच्या भांडणापासून बोलणंच बंद.

आजी मात्र शांत. "व्हय. तो थोरला, हा धाकटा."

"म्हणजे सख्खे भाऊ! मग कुटुंब एकच. तिघांत मिळून एक घर, दोन बेडरूमचं."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात आजीनं हात जोडले.

"साहेब, ते घर ह्या दोघांना द्या. मला माझं वेगळं लिहा. ह्या भावाभावांचं लय भांडण हाय, मला नाय जमायचं त्यांच्यात."