अर्जंट प्रश्न

बडा गणपती मंदिराजवळच्या दातांच्या दवाखान्यात संहिताबाई सुजलेला गाल धरून बसल्या होत्या. शेजारी मानस आणि त्याचा मित्र श्रीहरी बोलत होते.

"भिया, गणिताच्या ऑनलाइन फोरमवर माझा प्रश्न बंद केला, आता कोणी उत्तरच देऊ शकत नाही," मानस म्हणाला. " म्हणे, होमवर्क इथे विचारू नका."

"मग होमवर्कच होतं का?"

"अरे यार, माझी पीएचडी आहे त्यावर! आजवर कोणालाच सुटलेला नाही."

"तसं लिहिलं होतंस?"

"नाही. लोक घाबरले असते ना."

"मग काय लिहिलंस?"

"'प्लीज सोडवून द्या, अर्जंट आहे.'"

"बढिया! बंद कोणी केला?"

"कोणी संहिता म्हणून आहे. एकदम खडूस!"

"संहिता मॅडम, आत या," नर्सने हाक मारली.

संहिताबाई उठल्या. मानसही ताडकन उभा राहिला.

"आतापर्यंत काय काय करून पाहिलंस, ते लिही," गाल सावरत त्या म्हणाल्या. "उघडते प्रश्न."