चार चाली पाठ असलेले गुरुजी

मंडळी, आधी एक सांगा — नुसतं पाठ केलेलं नाम देवाला पोचतं का? पोचतं म्हणता? थांबा, हात खाली! आधी डाव ऐका.

एक होते अच्युतगुरुजी. शाळा सुटली, शिकवणं सुटलं नाही. भैरोबाच्या पालखीवर छत्री धरायचा मान त्यांचा. आधी वडिलांचा, मग अकरा वर्षं यांचा. यंदा कोंडिबा लोहार म्हणाला, आम्हालाही एकदा मिळू द्या. पंचांनी हात झटकले. ठरलं — बुद्धिबळाचा एक डाव, जिंकेल त्याची छत्री!

गुरुजींना वाटलं, छत्री गेली तर पालखीत आपण कोण? त्यांनी पुस्तक आणलं. चार चालींत मात! आपल्या चाली पाठ केल्या, वर समोरच्याच्याही केल्या. बायकोने विचारलं, भाजीत मीठ बरोबर आहे का? तर म्हणाले, "शह."

देवळाच्या ओट्यावर डाव मांडला. गुरुजींनी राजापुढचं प्यादं दोन घरं ढकललं. पुस्तकात कोंडिबाचंही दोनच घरं येतं. पण कोंडिबा शिकलेला आजोबांकडून, जुन्या रीतीने — प्यादं एकच घर चालतं! त्याने राजापुढचं प्यादं एक घर सरकवलं.

गुरुजींनी बघितलं? छे! डोळे अर्धे मिटलेले, ओठ पुटपुटताहेत. उंट निघाला. कोंडिबाचं कडेचं प्यादं, एक घर. वजीर धावला. कोंडिबाचं आणखी एक प्यादं — एकच घर. आणि गुरुजींच्या वजिराने राजाजवळचं प्यादं टिपलं. "मात!"

कोंडिबाने राजा उचलला अन् वजीर खाल्ला.

"अरे, वजिराला माझ्या उंटाचा जोर आहे!"

"उंटाच्या वाटंत माझं प्यादं हाय, गुरुजी. पयल्या चालीपासनं."

गुरुजी हळूच म्हणाले, चाल परत घेऊ का?

"घ्या की. पण माझी कुठली चाल बघितली, तेवढं सांगा."

गुरुजींनी चाल परत घेतली नाही. वजिराविना खेळले — डोळे उघडून! दिवेलागणीला हरले.

पालखी निघाली. कोंडिबाची मान वर, छत्री कलू नये म्हणून. अकरा वर्षं गुरुजीही असेच वर बघत चालले होते, मंडळी! आज हात रिकामे, मान मोकळी. सहज पालखीत पाहिलं — देवाच्या मुखवट्यावर, डाव्या गालाला खोक! शेजारच्या म्हातारीला विचारलं, ही कधीची?

"तुमच्या वडलांच्या येळची, गुरुजी."

...

अहो टाळकरी! मी गप्प झालो, तरी तुमचा टाळ चालूच? कुणासाठी? ठेवा खाली. मंडळी, तुम्हीही. इतकी वर्षं शेजारी बसताय, एकदा त्या माणसाच्या तोंडाकडे बघा. सावकाश.

दिसलं कोणी?

आता म्हणा नाम.