लोकरी मोजे टोचण्याबाबत

नाही नाही, डबे खाली काढायच्या आधी विषय नीट मांडू द्या मला — सवय आहे, सगळी हयात कारकुनीत गेली. विषय : पायमोजे. संदर्भ : तुमच्या दारावरची पाटी, ‘पायाची तक्रार घेऊन या’. तक्रार अशी, की हे लोकरी मोजे मला टोचतात आणि टोचत नाहीत असं मी सांगून बसलोय. कुणाला? येईल ते पुढे. आणि काका म्हणू नका हो, निदान आज तरी नको.

नायलॉनचे? ते ठेवा आत. नोकरीभर तेच वापरले. झिजत नाहीत, फाटत नाहीत — माणूस निवृत्त होतो, मोजा होत नाही. पण घामाचा एक थेंब पिईल तर शपथ! सगळा ओलावा पायावर तसाच. संध्याकाळी मी बूट सैल केला, की शेजारच्या टेबलावरचा जमाखर्चवाला उठून खिडकी उघडायचा. बोलायचा काही नाही, सभ्य माणूस. सुती म्हणाल, तर मऊ, मान्य आहे. पण सुती मोजा घाम पितो आणि पिऊन बसून राहतो, आमच्या साहेबांकडे गेलेल्या फायलीसारखा. आत सगळं जातं, बाहेर काही येत नाही. मग ओला मोजा, चालून चालून पायाला फोड. लोकर तशी नाही. ती ओलावा पोटात घेते, तरी पायाला कोरडीच लागते, उबदार लागते — हे ज्ञान माझं नव्हे, बाईंचं. भूगोलाच्या बाई. म्हणजे होत्या, आता त्याही माझ्यासारख्याच, निवृत्त.

कुठे भेटतात म्हणजे? वाचनालयात. तिथली जमीन लाकडी, बुटांनी कुरकुरते, म्हणून बूट दाराशी काढायचे असा नियम आहे. भले भले रुबाबात येतात आणि आत शिरताना अंगठा बाहेर डोकावतोय — सगळी अब्रू मोज्यावर! मी एकदा नायलॉनच्या मोज्यांवरून असा घसरलो, की थेट बाईंच्या टेबलाला जाऊन थांबलो, हातातलं वर्तमानपत्र तसंच उघडं. म्हणाल्या, ‘बसा आता, आलाच आहात तर.’ तेव्हापासून समोरासमोर बसतो. मग त्यांनी हे विणून दिले. स्वतः! मी विधुर माणूस, माझ्या पायाचं माप कुणी घेतलं त्याला युग लोटलं. ‘टोचत नाहीत ना?’ म्हणाल्या. म्हटलं, ‘छे छे, लोण्यासारखे आहेत.’ अशा वेळी खरं बोललेला माणूस तुम्ही पाहिलाय? मी तरी नाही.

आणि मग ही खाज! लोकर जाडीभरडी, त्याला त्या काय करणार? टेबलाखाली एका पायाने दुसरा घासायचा आणि वर चेहरा असा, की अग्रलेख चाललाय. मागल्या आठवड्यात असाच घासत होतो, अगदी मन लावून — पण खाज काही कमी होईना. खाली वाकून पाहिलं, तर तो पाय माझा नव्हताच.

हसू नका मालक! त्यांनी पाय ओढून घेतला का? नाही घेतला. पान उलटलं फक्त. मग चष्म्यावरून बघत म्हणाल्या, ‘तुमचं काही म्हणणं आहे का?’ आता काय, खाज सुटली होती म्हणून सांगू? तोंडातून निघून गेलं, ‘आहे. उरलेले दिवस दोघांनी मिळून काढावेत, असं म्हणणं आहे.’ घ्या! जन्मभर टिपणीशिवाय कागद हलवला नाही, आणि हा अर्ज तोंडी. ना नक्कल, ना पोच. पण बोललो आणि माझं मलाच कळलं, की कधीपासून हेच म्हणायचं होतं. त्या शांतपणे म्हणाल्या, ‘दुसरा जोड सुयांवर आहे. तो झाला की सांगते.’

हे काय? लोकरीच्या आत घालायचा, पातळ सुती? बघू — वरून आमचे लोकरी — अहो! काहीच टोचत नाही! कातडीला सूत लागणार, ओल बाहेर लोकर ओढून घेणार. तुम्ही फार मोठे गृहस्थ आहात. बांधा दोन जोड —

थांबा. थांबा जरा.

खाजच गेली, तर टेबलाखाली पाय हलवायचा कशाच्या नावावर? त्या दिवसापासून लागतो हो अधूनमधून. चुकून. त्याही चुकूनच तिथे ठेवतात. काल मला पोचायला उशीर झाला, तर पाय आधीच येऊन बसलेला! आणि उद्या माझा पाय गप्प राहिला, त्यांना वाटलं, संपलं वाटतं याचं म्हणणं — मग?

नको. काढून घ्या ते सुती. टोचू दे. चांगलं कडकडून टोचू दे.

अर्जाचं? दुसऱ्या जोडाची टाच विणून झाली होती; काल पुन्हा उसवत बसल्या होत्या. सैल झाली म्हणे. अर्ज प्रलंबित आहे. — बूट सरकवा इकडे, वाचनालय उघडलं असेल.