चावलेली गोळी

संग्रहालयात जुन्या वस्तू ओळखून देणाऱ्या खिडकीपाशी रांग होती. घड्याळजीच्या हातात मोडकं घड्याळ होतं, पण कान पुढच्या म्हाताऱ्या जोडप्याकडे.

"अगं, या बंदुकीच्या गोळीवर दातांच्या खुणा बघ. भूल नसायची तेव्हा. पाय कापताना कळ सोसायला सैनिकानं चावलीय ही."

"वर्षभर ते धातू शोधायचं यंत्र घेऊन रानोमाळ हिंडलात, घरी आणले खिळे नि बाटल्यांची झाकणं. आज हेही भंगार निघालं, तर यंत्र माळ्यावर."

"कबूल."

खिडकीतल्या बाईंनी गोळी भिंगाखाली धरली. "गोळी जुनीच आहे, आजोबा. पण दात डुकराचे. शिसं मऊ असतं, माती उकरताना चघळलं असेल."

म्हाताऱ्यानं गोळी परत घ्यायला खिडकीत हात घातला.

"काय हो बाई, डुकरानं चघळलेली गोळी याआधी आली होती का कुणाची?"

"नाही, आजी. ही पहिलीच."

"ऐकलंत? सैनिकांनी चावलेल्या काय, पैशाला पासरी मिळतील."

"मग यंत्र?"

"राहू दे खालीच. त्या डुकराचा एखादा दात पडला असेल तिथं. उद्या शोधू."

"यंत्राला दात कुठले सापडायला? ते धातूवरच वाजतं."

"म्हणून तर मी येतेय."